भांड्यांची खोली

वडखारमध्ये कुणाच्या घरी लग्न ठरलं की मुलाचा बाप भटजीकडे जायच्या आधी धोंडूबाईच्या ओसरीवर येऊन बसायचा. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बाईशिवाय, पान हलत नाही. हळद तिने लावायची, चौक तिने भरायचा, धवळे गाऊन देवांना आणि पूर्वजांना आवतण तिने द्यायचं. धोंडूबाईला हा मान सासूकडून मिळाला होता. तिचा आवाज असा होता की मांडवात लाऊडस्पीकर लावला तरी तिच्यासमोर कुणी माईक धरत नसे. तो धरला तर उलट स्पीकरच फाटायचा, असं तिचा नवरा चांगदेव म्हणायचा.

लग्नघरच्या माणसाला तिच्याकडे येण्याचं आणखी एक कारण होतं. गावाची लग्नाची भांडी, म्हणजे मोठाले टोप, कढया, पराती, झारे, वगराळी, सगळी गावकीच्या मालकीची होती, आणि ती ज्या खोलीत ठेवलेली असत तिची चावी धोंडूबाईच्या कमरेला असायची. प्रत्येक लग्नात ती असणारच, तेव्हा चावीही तिच्याकडेच असलेली बरी, असा साधा विचार त्यामागे होता.

भिवंडीजवळचं वळ गाव सोडून खाडीच्या अंगाला वळलं की वडखार लागतं. पूर्वी इथे भाताची खाचरं होती. पुढे एकेकाची जमीन गोडाऊनला गेली, कौलारू घरांच्या जागी दुमजली घरं आली, दारात मोटारसायकली आल्या. रस्ता मात्र एकच राहिला, आणि त्यावर कंटेनर आणि ट्रेलर एकामागे एक उभे राहू लागले. तोच रस्ता रुंद करताना जुनं समाजघर पाडलं गेलं आणि भांडी उघड्यावर आली. त्या वेळी गावचं आरोग्य उपकेंद्र नुकतंच बांधून झालं होतं. तीन खोल्यांची इमारत, नर्स अजून आली नव्हती. एका लग्नानंतर भांडी उपकेंद्राच्या मागच्या खोलीत ठेवली गेली. दोन दिवसांसाठी. पुढे नर्स आली, गेली, दुसरी आली. भांडी तिथेच राहिली. गावातली लहान मुलंसुद्धा त्या खोलीला भांड्यांची खोली म्हणू लागली.

धोंडूबाईच्या मनात मात्र वेगळीच धास्ती घर करून होती, आणि ती सुरू झाली होती सुनेच्या बाळंतपणापासून.

सून भाविका. दोन वर्षांपूर्वी दिवाळी आटोपल्यावर तिला कळा सुरू झाल्या. धोंडूबाईने तिला शेजारच्या टेम्पोत घालून भिवंडीच्या दवाखान्याकडे नेलं. वळच्या नाक्याच्या अलीकडे सगळं ठप्प झालं होतं. पुढे जाऊन बघून आलेला ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, ट्रेलर अटका है. क्रेन आयेगी तभी हिलेगा." मागेही गाड्या लागल्या होत्या. शेवटी टेम्पोच्या हौद्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या मध्ये, बरोबर आलेल्या दोन बायकांनी लुगडं धरलं आणि भाविकाला मुलगा झाला. मूल रडलं. भाविकाचं रक्त थांबेना. क्रेन आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. दवाखान्यात रक्त चढवून डॉक्टरांनी तिला वाचवलं, पण ती उभी राहायला कितीतरी दिवस गेले. दर मांडवात शेकडो देवांची नावं न अडखळता घेणाऱ्या धोंडूबाईला त्या हौद्यात एकाही देवाचं नाव आठवलं नव्हतं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही.

आणि आता धाकटी लेक मृणाली गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. मृणाली अकलोलीला दिलेली. तिची सासू कमळ, बोलण्यात सुरीसारखी. ओटीभरणाला गेलेल्या धोंडूबाईला तिने सगळ्या बायकांदेखत ऐकवलं, "विहीणबाय, सून पाठवतंय, रीत मोडायची न्हाय मना. पन तुमच्या गावाला गोडाऊनं मोप, आन बाळंतपनाला एक खोली न्हाय. भाविकाचं झालं तसं माझ्या सुनेचं झालं, तर तोंड दाखवू नका."

हसणाऱ्या बायका हसल्या. धोंडूबाईने खाली बघून मृणालीच्या ओटीतले तांदूळ सारखे केले. विहीण खोटं बोलत नव्हती.

त्याच सुमाराला सरकारने ग्रामीण आरोग्याचं नवं अभियान हाती घेतलं होतं. त्यातली नवी गोष्ट अशी की, दवाखाना कसा चालतो हे साहेबाने नव्हे, तर गावाने तपासायचं. गावोगाव समित्या नेमायच्या, त्यांना शिकवायचं काम सामाजिक संस्थांनी करायचं, आणि गाव जे सांगेल ते सरकारी अधिकाऱ्यांनी जनसुनवाईत सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं. भिवंडीतल्या अशाच एका संस्थेची निवेदिता नावाची तरुण कार्यकर्ती वडखारला येऊ लागली. शहरातल्या शाळामास्तरांची मुलगी. रिक्षातून उतरली की आधी ओढणीने धूळ झटकायची आणि मग हसायची. तिने केलेल्या समितीत सरपंच केसरीनाथ होते, चार बायका होत्या, उपकेंद्राच्या नर्स सरला सिस्टर होत्या, आणि सगळ्यांच्या आग्रहाने धोंडूबाईही होती.

"मना लिवता-वाचता येत न्हाय," धोंडूबाई म्हणाली होती.

"लिहायचं नाहीच, मावशी. टिकली लावायची."

देवळाच्या मंडपात निवेदिताने भिंतीवर मोठा कागद लावला. लसीकरण, औषधं, नर्सबाईंची भेट, बाळंतपण, अशा एकेका सेवेचं चित्र काढलेलं होतं. प्रत्येक चित्रापुढे गावाने मत द्यायचं. चांगलं असेल तर हिरवी टिकली, बरं असेल तर पिवळी, वाईट असेल तर लाल. पहिल्या फेरीत बायकांनी लसीकरणापुढे लाल टिकल्यांची नुसती रांग लावली.

निवेदिता घाबरली. "लसीकरण इतकं वाईट आहे?"

"वाईट कशाला? झ्याक हाय," शेजारची गोदू म्हणाली. "चांगल्याला लाल टिकली न्हाय लावायची, तर काय हिरवी लावायची? आमी काय कपाळाला हिरवं लावतो?"

सगळा मंडप हसला. निवेदिताने कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. दुसऱ्या फेरीत लसीकरण हिरवं झालं, औषधं पिवळी झाली, आणि बाळंतपणापुढे लाल टिकल्या लागल्या. त्यातली एक धोंडूबाईने अंगठ्याने दाबून दाबून लावली.

"उपकेंद्रात एकही बाळंतपण झालेलं नाही?" निवेदिताने विचारलं.

"कधीच न्हाय," केसरीनाथ म्हणाले. "आमची नर्स सुई टोचते आन रजिस्टर भरते. जनसुनवाईत काढतोच हा विषय. जिल्ह्याचे सायेब येनार हायत ना? त्यांच्यासमोरच इचारू, पगार कशाचा घेते?"

सरला सिस्टर कागदाकडे बघत उभ्या होत्या. लातूरकडच्या, नवरा भिवंडीत नोकरीला, वडखारमध्येच भाड्याने राहायच्या. गप्प राहिल्या म्हणजे चूक त्यांचीच, असा अर्थ सगळ्यांनी काढला. धोंडूबाईनेही काढला.

जनसुनवाईच्या आधीच्या आठवड्यात दौलत पाटलांच्या मुलाची हळद होती. धोंडूबाई गोदूला आणि दोघीतिघींना घेऊन भांडी काढायला गेली. दुपारची वेळ. कुलूप काढलं, दार ढकललं, आत तेलाचा आणि हळदीचा जुना वास. परातीच्या चळती बाहेर गेल्या, मग कढया. सगळ्यात मोठा वरणाचा टोप एका लोखंडी टेबलावर ठेवलेला असायचा. तो दोघींनी उतरवला. टेबल रिकामं झालं तेव्हा धोंडूबाईला ते पहिल्यांदा नीट दिसलं. एका बाजूने मध्येच कापल्यासारखं, आणि त्या टोकाला वर आलेले दोन लोखंडी हात. एका हाताला झारे अडकवलेले, दुसऱ्याला वगराळी.

"सरकारी माल," गोदू म्हणाली. "टेबल दिलं त्येबी अर्धंच."

दारात सरला सिस्टर येऊन उभ्या राहिल्या होत्या. धोंडूबाईने सहज विचारलं, "शिस्टर, ह्ये टेबल असं कसं गो? जेवायचं न्हाय, कापडं ठेवायचं न्हाय."

"मावशी, ते बाळंतपणाचं टेबल आहे."

"कुठल्या दवाखान्यातलं?"

"इथलंच. ही बाळंतपणाचीच खोली आहे."

बायकांनी टेबलाकडे पाहिलं, मग खाली उतरवलेल्या टोपाकडे पाहिलं. मग गोदू फुटली. "अगं बाय! म्हंजे इतकी वर्सं गावाचं वरन बाळंतपनाच्या टेबलावर?" आणि बायका भिंतीला टेकून हसायला लागल्या. हसता हसता एकेकीचं लक्ष धोंडूबाईकडे गेलं, आणि एकेक गप्प झाली.

"तू बोलली का न्हाय?" धोंडूबाईने सिस्टरना विचारलं. आवाज चढलेला होता.

"बोलले होते. आल्या वर्षी सरपंचांना बोलले. ते म्हणाले, लगीनसराई होऊ दे. मग तुमच्याकडे आले. म्हटलं, मावशी, चावी द्या, खोली झाडून घेते. तुम्ही म्हणालात, झाडू नको, भांडी मोजून ठेवलेली हायत."

धोंडूबाईला ते आठवलं. शब्दन् शब्द आठवला.

"मी एकटी बाई, तुमच्या गावात राहते," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या हळदीला तुमच्याच पंगतीत जेवते. कितीदा बोलू? आणि खोली मोकळी झाली असती तरी काय? पाणी नाही, लाईटचं कनेक्शन पुढच्या खोलीपर्यंतच आहे, सामान मागितलं तर तालुक्याला विचारतात, बाळंतपणं होत नाहीत तर सामान कशाला?"

हळद झाली. धोंडूबाईने धवळे म्हटले, पण त्या दिवशी ती एकदा एक ओळ चुकली, आणि जुन्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

घरी आल्यावर तिने चांगदेवला सगळं सांगितलं. चांगदेव जमीन विकल्यापासून ओसरीवर बसून रस्त्यावरचे ट्रेलर मोजायचा आणि जगावर मतं द्यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे चोरीचा माल आपल्याच घरात, आन पोलिसात तक्रारबी आपलीच," तो म्हणाला.

"आवो, मस्करी नका करू. सुनवाईत सरपंच त्या पोरीला उभी करनार हायत. तिची बदली होईल. दुसरी येईल, तीबी भांडी बघून गप बसेल. मृनालीचं काय?"

"मंग बोल."

"गावाची आब्रू जाईल."

"गावाची जानारच. कुनीतरी नेली पायजे ना." मग तो म्हणाला, "धोंडू, मांडवात तू चारशे मान्सांसमोर व्याह्याला गान्यातून टोमने मारते. तवा घाबरत न्हाय."

दुसऱ्या दिवशी गोदूच्या तोंडून बातमी केसरीनाथांपर्यंत पोचली आणि ते स्वतः आले. नात्याने धोंडूबाई त्यांची चुलती. ते खाली मान घालून बोलले. "काकू, घरातलं घरात मिटवू. सुनवाईत ह्ये काढू नको. जिल्ह्याचे लोक हसतील, आजूबाजूची गावं हसतील. भांडी हलवू आपन नंतर."

"नंतर म्हंजे कवा रं?"

"लगीनसराई झाली की."

धोंडूबाईला सिस्टरचं बोलणं आठवलं. तेच शब्द. मृणालीचे दिवस ऐन लगीनसराईत भरणार होते.

तिने चांगदेवकडून निवेदिताला फोन लावून घेतला. सगळं ऐकून निवेदिताने एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, "मावशी, चूक माझीही आहे. मी तुम्हाला बाळंतपण होतं का हे विचारलं. का होत नाही, हे विचारलंच नाही. सरळ लाल टिकली लावून मोकळी झाले."

"त्ये जाऊ दे गो. आज भांडी बाहेर काढली तर खोली चालू होईल का?"

"नाही. पाणी पाहिजे, लाईट पाहिजे, सामान पाहिजे, तालुक्याचा हुकूम पाहिजे. मी पत्रं लिहीत बसले तर पावसाळा येईल. ते सगळं जनसुनवाईत कबूल करून घ्यायचं असतं. तिथं शब्द दिला की सगळ्यांसमोर दिलेला असतो, आणि पुढच्या सुनवाईत त्याचाच जाब द्यावा लागतो."

"आन आपन आपलं सांगितल्याशिवाय ते त्यांचं कबूल करतील का?"

"ते मला माहीत नाही, मावशी," निवेदिता म्हणाली. "तुम्ही उठलात तर मी तुमच्या शेजारी उभी राहीन. एवढंच."

जनसुनवाई प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात होती. मांडव लग्नासारखाच, फक्त झालरी नाहीत. एका बाजूला टेबलांमागे अधिकारी बसलेले: तालुका आरोग्य अधिकारी, जिल्ह्याहून आलेले डॉक्टर, पंचायत समितीचे दोघे. समोर सतरंजीवर गावं. सूत्रसंचालन संस्थेचे एक जण आणि सरकारी विस्तार अधिकारी आळीपाळीने करत होते. आधी एका पाड्याची पाण्याच्या टाकीची तक्रार झाली, मग एकाने औषधं बाहेरून आणायला लावतात म्हणून चिठ्ठ्या दाखवल्या. अधिकाऱ्यांनी काही मान्य केलं, काहींवर वाद घातला. एकदा तर तालुका अधिकारी आणि निवेदिता यांची चांगलीच जुंपली. पण कुणी उठून गेलं नाही. धोंडूबाई हे सगळं बारकाईने बघत होती. मांडवात रुसवेफुगवे कसे काढतात हे तिला ठाऊक होतं.

वडखारचं नाव पुकारलं. केसरीनाथ उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "आमच्या उपकेंद्रात आजवर एक बाळंतपन झालेलं न्हाय. आमच्या बायका टेम्पोत बाळंत होतात. ह्याला जबाबदार कोन, त्याचा जबाब पायजे."

जिल्ह्याच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून सरला सिस्टरकडे पाहिलं. "सिस्टर, बोला."

सिस्टर उठल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

तेवढ्यात सतरंजीवरून धोंडूबाई उठली. कुणीतरी माईक पुढे केला, तो तिने हाताने बाजूला सारला. निवेदिता येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

धवळ्यात आधी मान द्यायचा असतो आणि मग कामाचं बोलायचं असतं. धोंडूबाईला दुसरी रीत माहीतच नव्हती. "मोठ्या डाक्टर सायबांना माझा रामराम," ती म्हणाली. "तालुक्याच्या सायबांना रामराम. निवेदिताबायला आन तिच्या संस्थेला, ज्यांनी आमाला इथं बसायला शिकवलं, त्यांना रामराम. माझ्या गावाला, माझ्या सरपंचाला रामराम. आन आमच्या शिस्टरला, जिला आमी लाल टिकली लावली, तिला पयला रामराम द्यायचा व्हता, तो मी शेवटाला देतंय. ही माझी चूक."

केसरीनाथ सतरंजीकडे बघू लागले.

"सायेब, बाळंतपनाची खोली आमच्या गावात हाय. टेबल हाय. त्या टेबलावर गावाचा वरनाचा टोप हाय. ज्या खोलीत लेकीसुनांनी बाळंत व्हायचं, तिथं आमी त्यांच्या लग्नाची भांडी ठेवली. माझी सून टेम्पोत मरत व्हती, आन ह्या खोलीची चावी माझ्या कमरेला व्हती." तिने कमरेची चावी सोडली आणि वर धरली. "शिस्टरनी दोनदा मागितली. आमी दिली न्हाय."

मागे कुणीतरी हसलं, पण त्याला लगेच कुणीतरी गप्प केलं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी हात पुढे केला. "आणा ती चावी."

"न्हाय सायेब," धोंडूबाई म्हणाली. "ही दाखवाया आनली, द्यायला न्हाय. आमी खोली उद्या रिकामी करतो. तुमी पानी आना, लाईट आना, सामान आना. मंग ही चावी मी माझ्या हातानं शिस्टरला देनार. मांडव एका घरचा नसतो, सायेब. दोन्ही बाजूंनी उभा करायचा असतो."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. ते रागावतील असं निवेदिताला वाटलं. पण त्यांनी तालुका अधिकाऱ्यांकडून एक फाईल मागून घेतली, पानं उलटली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मग माईक जवळ ओढला.

"आमच्या तपासणीत वडखारचा प्रसूती कक्ष सुस्थितीत आहे, असं लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "दरवर्षी. म्हणजे आमचा माणूस दरवर्षी कुलूप बघून परत आला. आजीबाई, अर्धी भांडी तुमची असतील, अर्धी आमची आहेत."

आता मांडव मोकळेपणाने हसला. तालुका अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं: उपकेंद्राला मिळणाऱ्या निधीतून लाईट आणि दुरुस्ती, तालुक्याकडून सामान आणि टेबल ठीक करून देणं. नळाचं पाणी ग्रामपंचायतीने आणायचं. संस्थेने येऊन बघायचं आणि पुढच्या सुनवाईत सांगायचं. राहिला प्रश्न भांड्यांचा.

"भांडी कुठं ठेवनार?" केसरीनाथ चिडून म्हणाले. "समाजघर न्हाय, काय न्हाय. गावात जागा कुठंय?"

सतरंजीच्या मागच्या टोकाकडून गोदूचा आवाज आला. "सरपंच, तुमची गोडाऊनं किती?"

मांडव पुन्हा हसला आणि केसरीनाथ खाली बसले. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः टेम्पो आणला, आपल्या नाक्याकडच्या गोडाऊनचा एक कोपरा मोकळा करून दिला, आणि शेवटची परात जाईपर्यंत उन्हात उभे राहिले.

दिलेला शब्द आणि झालेलं काम यांत जे अंतर असतं, ते याही वेळी होतंच. वायरमन आला आणि बोर्ड विसरून गेला. सामानाची पेटी दुसऱ्याच उपकेंद्राला पोचली. निवेदिता तालुक्याच्या ऑफिसात इतक्यांदा गेली की तिथला शिपाई तिला पाहिलं की चहा सांगायचा. तालुका अधिकारी एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमच्या विरुद्ध आहात की आमच्याबरोबर?" ती म्हणाली, "पेटी आली की सांगते." पेटी आली. टेबलाचे दोन्ही लोखंडी हात सरळ झाले. गावच्या बायकांनी भिंतीवरचा तेलाचा थर सोड्याने घासून काढला आणि चुना मारला. चैत्रात एक दिवस धोंडूबाईने कमरेची चावी सोडली आणि सरला सिस्टरच्या हातात ठेवली. बरोबर तिने ओटीही भरली, तांदूळ आणि नारळ, जशी लेकीची भरतात. सिस्टर रडल्या. गोदू म्हणाली, "आता रडून खोली ओली करू नको, आमी आताच पुसलीय."

मृणालीला भरदुपारी कळा सुरू झाल्या. रस्त्यावर ट्रेलर हलत नव्हते. ओसरीवरून चांगदेवने ते पाहिलं आणि या वेळी मोजले नाहीत. धोंडूबाई लेकीला धरून चालत उपकेंद्रात घेऊन गेली. अकलोलीला फोन गेला, आणि कमळविहीण एसटीने, मग रिक्षाने, मग शेवटचा रस्ता पायी, घामाघूम होऊन पोचली तेव्हा आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. आत पंखा चालू होता, नळाला पाणी होतं, टेबलावर पांढरी चादर होती. कमळने खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत पाहिली. नातीला पाहिलं. मग पायरीवर बसून पदराने वारा घेत म्हणाली, "खोली बरी हाय, विहीणबाय."

"बरी न्हाय, चांगली हाय," धोंडूबाई म्हणाली. "आन गोडाऊनं तर मोप हायतच."

पुढच्या जनसुनवाईत बाळंतपणाच्या चित्रापुढे हिरवी टिकली लागली. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी वडखारची गोष्ट दुसऱ्या गावांना सांगितली आणि धोंडूबाईला उभं राहायला लावलं. ती उभी राहिली. मांडवात राहते तशीच.

त्या मेमध्ये वडखारमध्ये एक हळद होती. संध्याकाळी पाहुणे जमले, चौक भरून झाला, चूल पेटली, आणि भांडी येईनात. नाक्यावरच्या गोडाऊनमधून निघालेला भांड्यांचा टेम्पो ट्रेलरच्या मागे अडकला होता. केसरीनाथ मोबाईल कानाला लावून मांडवात येरझाऱ्या घालत होते. आचारी वैतागला होता, पाहुणे कुरकुरत होते. नवऱ्यामुलाच्या मामाने मोठ्याने विचारलं, "अरे, भांडी अडकतात कशी? पयली तर इथंच, उपकेंद्रात व्हती ना?"

धोंडूबाईने त्याच्याकडे वळून पाहिलं. "व्हती," ती म्हणाली. "आता तिथं तुझी भाची झोपलीय, काल सकाळी बाळंत झालेली. भांडी अडकली तर अडकू दे. जेवान उशिरा झालं म्हनून कोन मरत न्हाय."

मग तिने गोदूला खूण केली, आणि टेम्पो येईपर्यंत पुरेल असा, सगळ्यात लांबलचक धवळा सुरू केला. देव झाले, पूर्वज झाले, गाव झालं. त्यात या वेळी तिने एक नाव नवीन घातलं, सिस्टरचं. पाहुण्यांत बसलेल्या सरला सिस्टरनी मान खाली घातली, आणि मांडवातल्या सगळ्या बायकांनी धोंडूबाईच्या मागून ती ओळ पुन्हा म्हटली.